धुळीच्या आडचं ब्लॅक होल आणि इन्फ्रारेडमधलं आकाश

इन्फ्रारेड दुर्बीण लावायला सगळ्यात वाईट जागा कुठली असं कोणी विचारलं तर मी डोळे झाकून आमची कोकणपट्टी सांगेन. कारण साधं आहे, हवेतली वाफ. इन्फ्रारेड म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा प्रकाश, पुस्तकात त्याला अवरक्त म्हणतात, आणि पाण्याची वाफ त्याचा बराचसा भाग वरच्या वर गिळून टाकते. जुलैमध्ये देवगड-मालवणच्या डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ (पाऊस नव्हे, नुसती वाफ) पिळून खाली पाडली तर पाच सेंटीमीटरच्या आसपास पाणी साचेल. चिलीतल्या अटाकामाच्या वाळवंटात पाच हजार मीटर उंचीवर आल्माच्या दुर्बिणी आहेत, तिथे हाच हिशोब साधारण एक मिलिमीटरचा. म्हणूनच आपल्याकडची दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटरवर नेऊन बसवली, आणि मुंबईच्या टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्था) माणसं तर एक मीटरची इन्फ्रारेड दुर्बीण बलूनला बांधून हैदराबादहून वर सोडायची, म्हणजे बहुतेक सगळी वाफ खालीच राहते.

वाफेतून सुटलो तरी दुसरी भानगड आहेच. प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानाप्रमाणे चमकत असते. तुमचंआमचं अंग, घराची भिंत, दुर्बिणीचा आरसा, दुर्बिणीची नळी, सगळं साधारण १० मायक्रॉनच्या आसपास सर्वात जास्त चमकतं (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपल्या डोळ्याला साधारण ०.४ ते ०.७ एवढंच दिसतं). म्हणजे १० मायक्रॉनला आकाश बघायचं असेल तर दुर्बीण स्वतःच पेटलेली आहे आणि तिच्यातून आपण एखादी अंधुक गॅलक्सी शोधतोय अशी परिस्थिती. यावर उपाय एकच, सगळं थंड करा आणि अंतराळात न्या. १९८३ च्या जानेवारीत अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटनने मिळून आयरास नावाचा उपग्रह सोडला त्यात हेच केलं होतं, फक्त ५७ सेंटीमीटरची दुर्बीण, पण ती द्रवरूप हेलियमच्या टाकीत बसवलेली. दहा महिन्यांत हेलियम उडून गेला आणि मिशन संपलं. तेवढ्यात त्याने ९६ टक्के आकाश पालथं घातलं होतं.

आता एवढा खटाटोप कशासाठी, तर कारणं दोन.

पहिलं तुम्ही ऐकलेलं असेल. विश्व पसरतंय, त्यामुळे लांबून येणारा प्रकाश वाटेत ताणला जातो. हायड्रोजनची एक ठळक लाल रेघ असते ०.६५६ मायक्रॉनला, ती सात पट ताणली गेली की ४.६ मायक्रॉनला येते, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या पट्ट्यातून पार बाहेर. आणि सात पट ताणलेला प्रकाश जिथून निघाला तेव्हा विश्व शंभर कोटी वर्षांचंही झालेलं नव्हतं. तेवढ्या लांबचं बघायचं तर इन्फ्रारेडशिवाय गत्यंतर नाही. हे कारण सोपं आहे आणि सगळे हेच सांगतात, पण मला विचाराल तर खरी मजा दुसऱ्या कारणात आहे, ते म्हणजे धूळ.

ही धूळ आपल्याकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येते. मार्चमध्ये पहाटे साडेचार-पाचला किनाऱ्यावर जा, अमावास्येच्या आसपास, आणि दक्षिणेकडे वृश्चिकाची नांगी आणि धनु शोधा. आकाशगंगेचा पट्टा तिथे सगळ्यात जाड दिसतो आणि त्याच्या मधोमध काळे डाग, काळ्या भेगा दिसतात. (एलईडी लावलेल्या बोटी समोर नसल्या तर. त्या असल्या की निम्मं क्षितिज पांढरं होतं, आणि त्यांच्याबद्दल पारंपरिक मच्छीमार काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.) तर त्या काळ्या भेगा म्हणजे रिकामी जागा नाही. तिथे तारे आहेत, भरपूर आहेत, पण मध्ये धूळ आहे, सिलिकेटचे आणि कार्बनचे बारीक बारीक कण, बरेचसे मायक्रॉनपेक्षाही लहान. आपल्या गॅलक्सीचं केंद्र त्याच दिशेला आहे आणि तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांपैकी जेमतेम एक आपल्यापर्यंत पोचतो. तेच इन्फ्रारेडमध्ये २.२ मायक्रॉनला बघितलं तर दहा-पंधरातला एक येतो. या एका फरकाच्या जोरावर आंद्रेया गेझ आणि राइनहार्ड गेन्झेल या खगोलशास्त्रज्ञांच्या गटांनी वर्षानुवर्षं तिथल्या ताऱ्यांच्या कक्षा मोजल्या, त्यांच्या मधोमध सुमारे ४० लाख सूर्यांच्या वजनाची, न दिसणारी वस्तू असल्याचं दाखवलं आणि २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा निम्मा वाटा त्या दोघांना मिळाला.

पण धूळ प्रकाश नुसता अडवत नाही. अडवलेला प्रकाश ती खाते, त्याने तापते आणि मग स्वतः इन्फ्रारेडमध्ये चमकते. उजेड गेला असं होत नाही, तो वेगळ्या पट्ट्यात बाहेर पडतो. आणि हे काही किरकोळ प्रकरण नाही, विश्वाच्या सगळ्या इतिहासात ताऱ्यांनी आणि गॅलक्स्यांनी जेवढा उजेड टाकला त्यातला साधारण निम्मा धुळीने खाऊन इन्फ्रारेडमध्ये परत दिलाय. १९८९ मध्ये सोडलेल्या कोबी उपग्रहाच्या मोजणीतून नव्वदच्या दशकात हे कळलं. म्हणजे नुसत्या साध्या दुर्बिणीने बघणारा माणूस निम्मी जमाखर्चाची वही न उघडताच हिशोब मांडत होता.

आता ब्लॅक होलकडे येऊ. मोठ्या गॅलक्स्यांच्या पोटात जवळजवळ नेहमी एक अवाढव्य ब्लॅक होल असतं, लाखो ते अब्जावधी सूर्यांच्या वजनाचं. बहुतेक वेळा ते गप्प असतं, आपलं सध्या तसंच आहे. पण त्याच्याकडे गॅस जायला लागला की तो सरळ आत पडत नाही, गोल गोल फिरत चकती करतो, घासतो, तापतो आणि प्रचंड उजेड टाकतो. हायड्रोजनचं हेलियम होताना, म्हणजे सूर्यात जे चालतं त्यात, वस्तुमानाच्या ०.७ टक्के ऊर्जा मिळते, आणि ब्लॅक होलकडे पडणाऱ्या गॅसमधून साधारण १० टक्के. त्यामुळे आपल्या सूर्यमालेएवढ्या जागेतून निघणारा उजेड अख्ख्या गॅलक्सीच्या ताऱ्यांना भारी पडतो. याला अॅक्टिव्ह गॅलॅक्टिक न्यूक्लियस म्हणतात, आपण एजीएन म्हणू. क्वेसार हा त्यातलाच सगळ्यात दांडगा प्रकार.

या चकतीच्या भोवती, काही प्रकाशवर्षांच्या अंतरात, धुळीचं जाड कडं असतं. आणि इथे जुना घोळ होता. काही एजीएनच्या स्पेक्ट्रममध्ये (म्हणजे प्रकाश रंगारंगांत फोडून काढलेल्या पट्ट्यात) हायड्रोजनच्या रेघा फुगलेल्या, रुंद दिसायच्या, म्हणजे गॅस सेकंदाला हजारो किलोमीटरने फिरतोय, आणि काहींमध्ये फक्त अरुंद रेघा. दोन वेगळ्या जाती आहेत असं वाटायचं. मग १९८५ मध्ये रॉबर्ट अँटोनुची आणि जोसेफ मिलर यांनी कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेतून एनजीसी १०६८ या गॅलक्सीचा फक्त पोलराइज्ड प्रकाश वेगळा काढून बघितला. ही गॅलक्सी दुसऱ्या जातीतली, अरुंद रेघावाली. पण पोलराइज्ड प्रकाशात रुंद रेघा दिसल्या! इथे पोलराइज्ड प्रकाश म्हणजे वरच्या बाजूच्या गॅसवर आपटून, वळून आपल्याकडे आलेला प्रकाश. थेट वाट धुळीने बंद होती, वळसा घालून आलेल्या उजेडाने आतलं भांडं फोडलं. म्हणजे जाती दोन नव्हत्याच, बऱ्याच अंशी आपण त्या कड्याकडे वरून बघतोय की कडेने बघतोय एवढाच फरक. २०२२ मध्ये चिलीतल्या व्हीएलटीच्या दुर्बिणी एकत्र जोडून त्याच एनजीसी १०६८ च्या धुळीचा इन्फ्रारेड नकाशा आला आणि ब्लॅक होल खरंच जाड धुळीमागे बसलंय हे दिसलं.

मग कडेने दिसणारे, झाकलेले एजीएन शोधायचे कसे? इथे धुळीचं तापमान कामाला येतं आणि या सगळ्या विषयाची चावी मला वाटतं हीच आहे. तारे जन्मतात त्या ढगांतली धूळ थंड असते, शून्याखाली सव्वादोनशे ते अडीचशे अंश सेल्सिअस, म्हणजे २० ते ५० केल्विन, आणि ती साधारण १०० मायक्रॉनच्या आजूबाजूला चमकते. ब्लॅक होलजवळची धूळ तापून लाल झालेली असते. किती तापू शकते यालाही मर्यादा आहे, साधारण १५०० केल्विनच्या वर कण टिकतच नाहीत, उडून जातात. त्यामुळे कड्याची आतली भिंत नेमकी तिथे असते जिथे धूळ जेमतेम तग धरते, आणि ती २ मायक्रॉनच्या आसपास चमकते, तिच्यामागची थोडी थंड धूळ ५, १०, २० मायक्रॉनला. ही भिंत किती लांब आहे तेसुद्धा मोजतात, चकतीचा उजेड मध्येच वाढला की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी इन्फ्रारेडचा उजेड वाढतो, मधला उशीर म्हणजे प्रकाशाला भिंतीपर्यंत जायला लागलेला वेळ. मला हा प्रकार फार आवडतो, फोटोत त्या जागेचा साधा ठिपकाही धड फुटत नाही आणि घड्याळ लावून तिचं माप काढतात.

आता सर्व्हे. दुर्बिणीने काम करायच्या दोन तऱ्हा, एक म्हणजे गरी टाकून बसणं, एक गॅलक्सी धरायची आणि तिच्याकडे तासन्‌तास बघायचं. दुसरी रापण. आमच्याकडे होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात, दोन्ही टोकं वाळूवर, मग वीस-तीस माणसं दोरावर येतात आणि ओढत बसतात, आणि जाळं वर आलं की बांगडे, तारली, पेडवे, मध्येच खेकडे, शेवाळ आणि हल्ली प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं एकत्र. काय मिळणार हे आधी ठरलेलं नसतं, आणि अर्धं काम ओढल्यानंतरच्या निवडण्यात असतं. आकाशाचा सर्व्हे म्हणजे हीच रापण, आणि निवडायचं काम कसं करतात तेच समजून घेण्यासारखं आहे.

सगळ्यात मोठी रापण वाइज नावाच्या उपग्रहाची. १४ डिसेंबर २००९ ला सुटला, ४० सेंटीमीटरची दुर्बीण, घनरूप हायड्रोजनने थंड केलेली, दर ११ सेकंदांनी एक फोटो, सहा महिन्यांत अख्खं आकाश. चार पट्टे होते, ३.४, ४.६, १२ आणि २२ मायक्रॉन. २०१० मध्ये हायड्रोजन संपला आणि लांबचे दोन पट्टे गेले, पण जवळच्या दोन पट्ट्यांना तेवढी थंडी लागत नाही म्हणून ते चालू राहिले, मध्ये उपग्रह झोपवला, २०१३ मध्ये परत उठवून पृथ्वीजवळचे लघुग्रह शोधायला लावला आणि तो २०२४ पर्यंत राबला. एवढ्या छोट्या दुर्बिणीने एवढं काम केलेलं मला तरी दुसरं माहीत नाही. त्याच्या मोठ्या यादीत जवळजवळ ७५ कोटी वस्तू आहेत.

या ७५ कोटींतून एजीएन वेगळे काढायची युक्ती अगदी शाळकरी वाटावी अशी आहे. साध्या गॅलक्सीचा उजेड ताऱ्यांचा, आणि ताऱ्यांचा उजेड १.६ मायक्रॉनच्या आसपास सर्वात जास्त असतो, तिथून पुढे उतरत जातो. म्हणजे ३.४ पेक्षा ४.६ ला ती अंधुक. पण पोटात तापलेली धूळ असेल तर ती उतरण भरून निघते, आणि ४.६ चा उजेड वाढतो. म्हणून दोन पट्ट्यांतल्या प्रतींची (प्रत म्हणजे तेज मोजायचा आकडा, उजेड जास्त तितका आकडा लहान) वजाबाकी करायची, पहिल्यातून दुसरी वजा, आणि उत्तर ०.८ किंवा त्याहून जास्त आलं की एजीएन असण्याची शक्यता दांडगी. डॅनियल स्टर्न आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हा नियम मांडला. एका चौरस अंशात असे साठेक मिळतात, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राएवढ्या आकाशाच्या तुकड्यात डझनभर ब्लॅक होल, जेवत बसलेली. सगळा डेटा फुकट खुला आहे, कन्या राशीतल्या ३सी २७३ चे आकडे काढून वजाबाकी करून बघा. मार्टन श्मिट यांनी १९६३ मध्ये ज्याच्या रेघा ओळखल्या आणि क्वेसार किती लांब आहेत ते जगाला कळलं, तोच हा.

अर्थात चाळणीतून नको तेही येतं. आपल्याच गॅलक्सीतले अतिशय थंड तपकिरी बटू तारे ०.८ ची परीक्षा आरामात पास होतात. खूप लांबच्या साध्या गॅलक्स्यांचा १.६ चा उंचवटा ताणून ४.६ कडे सरकतो आणि त्याही एजीएनचं सोंग घेतात. आणि उलटही होतं, ब्लॅक होल अशक्त आणि गॅलक्सीचे तारे भरपूर असले तर धुळीची चमक त्यांच्यात बुडून जाते आणि खरा एजीएन हातचा जातो. म्हणून एका रंगावर निकाल देत नाहीत. चंद्रशेखरांच्या नावाची चंद्रा दुर्बीण एक्सरेमध्ये बघते, नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी आहे ती रेडिओत बघते, आणि सगळ्यांचं जुळलं की मग बोलायचं. स्पेक्ट्रम मिळाला तर उत्तमच. तारे जन्मत असलेल्या गॅलक्सीत ६.२, ७.७, ११.३ मायक्रॉनला ठसठशीत उंचवटे दिसतात, ते पीएएच नावाच्या, कार्बनच्या कड्यांनी बनलेल्या रेणूंचे, हेच रेणू आपल्याकडे चुलीच्या धुरात आणि काजळीत असतात. जोरदार एजीएनच्या शेजारी हे उंचवटे खुजे होतात किंवा गायबच होतात, आणि धूळ फार जाड असेल तर ९.७ ला सिलिकेटचा खड्डा दिसतो. ज्याला हे वाचायची सवय झाली तो एका नजरेत सांगतो आत कोण आहे.

पण बऱ्याचदा आत दोघंही असतात. आयरासला अशा गॅलक्स्या सापडल्या ज्यांचा इन्फ्रारेड उजेड एक लाख कोटी सूर्यांच्या वर, आणि दृश्य प्रकाशात मात्र अगदी सामान्य. आपल्यापासून सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवरची आर्प २२० ही त्यातली जवळची, दोन गॅलक्स्या एकमेकींत घुसतायत, गॅस मध्यावर कोंबला जातोय, धडाधड तारे जन्मतायत. आत ब्लॅक होलचा वाटा नक्की किती यावर चाळीसेक वर्षं वाद चालू आहे, कारण धूळ एवढी की इन्फ्रारेडसुद्धा अडतं. वाइजने याच्याही पुढची टोकाची मंडळी काढली, पहिल्या दोन पट्ट्यांत जवळपास दिसतच नाहीत आणि १२ व २२ मायक्रॉनला झळाळतात. त्यातल्या डब्ल्यू २२४६-०५२६ चा उजेड ३०० लाख कोटी सूर्यांच्या वर आहे आणि तो आपल्यापर्यंत यायला सुमारे १,२५० कोटी वर्षं लागलीत.

वाइजची रापण रुंद होती पण उथळ. खोल जायचं तर जागा छोटी ठेवावी लागते, स्पिट्झर दुर्बिणीने २००३ पासून तसे सर्व्हे केले, आणि आता जेम्स वेब. साडेसहा मीटरचा सोन्याचा मुलामा दिलेला आरसा, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, स्वतःच्याच छत्रीच्या सावलीत. तिच्या कॉसमॉस-वेब सर्व्हेत पौर्णिमेचे तीनएक चंद्र मावतील एवढीच जागा आहे आणि तेवढ्यात जवळजवळ ८ लाख गॅलक्स्या मोजल्या गेल्या.

आणि याच वेबने धुळीच्या नियमाला चांगलीच खीळ घातलीय. २०२२ पासूनच्या फोटोंत बारके लाल ठिपके दिसायला लागले, नावच लिटल रेड डॉट्स पडलं, बहुतेक विश्वाच्या पहिल्या दीडशे कोटी वर्षांतले. स्पेक्ट्रममध्ये रेघा रुंद, म्हणजे गॅस हजारो किलोमीटरने फिरतोय, म्हणजे ब्लॅक होल हवं. लाल आहेत म्हणजे धुळीआड असतील असं आधी वाटलं. पण मग तापलेल्या धुळीची चमक दिसायला हवी, ती वेबच्या लांबच्या पट्ट्यांत बघितली तर फारशी नाही. एक्सरेही जवळजवळ नाही. सध्या बऱ्याच अभ्यासकांचा कल असा आहे की हा लालपणा धुळीचा नसून ब्लॅक होलभोवती घट्ट बसलेल्या हायड्रोजन गॅसचा असावा, पण सगळ्यांना ते मान्य आहे असं नाही, आणि ब्लॅक होलचं वजन किती धरायचं यावरही एकमत नाही.

हे खरं निघालं तर तापलेली धूळ बघून निवडायच्या चाळणीतून हे सगळे निसटलेच असते, रंग लाल असूनसुद्धा. त्यामुळे आता एकेकाचा स्पेक्ट्रम घेणं आलं. वेबवर त्यासाठी सुमारे अडीच लाख चिमुकली दारं असलेलं यंत्र आहे, हवी तेवढीच उघडायची आणि एका वेळी शंभराच्या वर गॅलक्स्यांचा प्रकाश वेगळा घ्यायचा. दुसऱ्या बाजूने रुंद रापणही सुरूच आहे, २०२३ मध्ये अंतराळात गेलेली युक्लिड दुर्बीण आकाशाचा एक तृतीयांश भाग धरतेय, आणि मार्च २०२५ मध्ये सुटलेला स्फिअरएक्स उपग्रह दर सहा महिन्यांनी अख्खं आकाश बघतोय, वाइजचे चार पट्टे होते तिथे याचे १०२.